फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट

आपल्याकडच्या कोणत्याही शाळेच्या वर्गात जा. फळ्याच्या वरच्या बाजूला एक आडवी रेघ मारून थोडी जागा राखून ठेवलेली दिसेल. तिथे वार, दिनांक आणि सुविचार असतो. एका कोपऱ्यात चौकोन आखून वर्गाचा पट आणि हजर मुलांची संख्या लिहिलेली असते. परीक्षेचे दिवस असले तर दुसऱ्या कोपऱ्यात वेळापत्रक असते आणि त्याखाली ठळक अक्षरांत बजावलेले असते, 'पुसू नये'. तास संपतो, पुढच्या तासाचे शिक्षक येतात, डस्टर उचलतात आणि उरलेला फळा चार हातांत स्वच्छ करतात. चौकटीला कोणी हात लावत नाही.

ही चौकट इतकी सवयीची असते की तिच्यामागचा विचार आपल्या लक्षात येत नाही. फळ्याचा बराचसा भाग दर तासाला पुसायचा असतो, काही भाग दिवसातून एकदा आणि काही भाग परीक्षा संपेपर्यंत पुसायचाच नसतो. हा तिन्ही प्रकारचा मजकूर एकमेकांत मिसळून लिहिला, तर कधीतरी घाईत वेळापत्रकही पुसले जाणार हे नक्की.

तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकांच्या स्मृतीतही अशाच चौकटी आखाव्या लागतात. यंत्रांच्या पोटात बसवलेले असे संगणक-बोर्ड आज घराघरांत आहेत. टीव्हीच्या खोक्यात, वाय-फायच्या डबीत, वीजमीटरात ते असतात. त्यांच्या कायम स्मृतीला 'फ्लॅश' म्हणतात आणि तिच्या चौकटींना 'पार्टिशन', म्हणजे विभाग. हे विभाग का करावे लागतात, हे माणसाला कसे कळत गेले त्याची हकिगत येथे सांगायची आहे. तिचा एक भाग मंगळावर घडला. पण सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

एक्केचाळीस दिवसांचा पाऊस

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका शाळेत आम्ही हवामान नोंदवणारा एक छोटा संगणक-बोर्ड बसवला. तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांची दर मिनिटाला नोंद घेऊन ती स्वतःजवळच्या बोटाच्या पेराएवढ्या मेमरी कार्डात तो साठवत असे. शाळेतल्या मुलांनी त्या आकड्यांवरून पावसाचे आलेख काढायचे, असा बेत होता. जोडीला मुले साधे पर्जन्यमापकही वाचत. हवामान खात्याच्या प्रथेप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे.

ऑगस्टमध्ये एके दिवशी विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. "सर, रात्री लाइट गेली होती. सकाळी आली, पण तुमच्या यंत्राचा हिरवा दिवा काही लागत नाही."

आठवड्याने मी गेलो. बोर्ड शाबूत होता, पण जागा होत नव्हता. कार्ड प्रयोगशाळेत आणून तपासले, तेव्हा प्रकार उलगडला. आर्द्रतामापकाची एक तार सैल झाली होती. त्यामुळे दर सेकंदाला 'मापक सापडत नाही' अशी तक्रार बोर्ड आपल्या रोजनिशीत लिहीत होता. त्या तक्रारींनी कार्ड काठोकाठ भरले. नेमके काहीतरी लिहिणे चालू असताना वीज गेली आणि फाइलींची यादीच अर्धवट राहून बिघडली. बोर्डाला जागे करणाऱ्या मूळ सूचना, कामाचा प्रोग्राम, पावसाचे आकडे आणि या निरर्थक तक्रारी, सगळे मी एकाच विभागात ठेवले होते. त्यामुळे यादी बिघडली ती सगळ्यांचीच. एक्केचाळीस दिवसांचे आकडे गेले.

उरली ती मुलांची वही. तिच्यात रविवारच्या जागा रिकाम्या होत्या आणि सोमवारचे माप दोन दिवसांचे मिळून होते. तरी पाऊस त्या वहीत होता, माझ्या कार्डात नव्हता. फळ्यावर चौकट आखण्याइतके साधे काम मी का केले नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळू लागला. त्याचे उत्तर शोधताना फ्लॅशचा इतिहास वाचला.

पुसता येईल अशी कायम स्मृती

संगणकाची कामचलाऊ स्मृती वीज गेली की कोरी होते. वीज गेल्यावरही टिकेल, पण हवे तेव्हा बदलता येईल अशी स्मृती सिलिकॉनच्या चिपवर कशी करायची, या प्रश्नाला १९६७ मध्ये वाट सापडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी यांनी 'फ्लोटिंग गेट' म्हणजे अधांतरी द्वाराची कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमधून वीज वाहू द्यायची की नाही, हे त्याचे द्वार ठरवते. या दोघांनी नेहमीचे द्वार आणि खालचे सिलिकॉन यांच्यामध्ये आणखी एक द्वार बसवले आणि ते चहूबाजूंनी विद्युतरोधकात बंद केले. मोठा विद्युतदाब देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते तिथेच अडकून पडतात, वीज बंद केली तरी वर्षानुवर्षे. अडकलेले इलेक्ट्रॉन असले तर शून्य, नसले तर एक. झाली स्मृती.

१९७१ मध्ये इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी याच तत्त्वावर 'ईप्रॉम' चिप बनवली. पहिल्या चिपमध्ये २०४८ बिट मावत, म्हणजे अवघे २५६ बाइट. ती पुसण्यासाठी चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी ठेवलेली असे. तिच्यातून अतिनील किरण सोडले की इलेक्ट्रॉन निसटून जात आणि सगळी चिप कोरी होई. पण त्यासाठी चिप बोर्डावरून काढून दिव्याखाली बरीच मिनिटे ठेवावी लागे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विजेनेच पुसता येणारी चिप आली. तिच्यातला एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसता येई. पण या सोयीसाठी प्रत्येक बिटामागे दोन ट्रान्झिस्टर लागत, म्हणून ती महाग पडे.

जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी येथे वेगळा विचार केला. एकेक बाइट वेगळा पुसण्याची सोयच सोडून दिली तर? मोठा भाग एकदम पुसायचा असे ठरवले, तर एका बिटाला एकच ट्रान्झिस्टर पुरतो आणि स्मृती स्वस्त होते. १९८४ मध्ये त्यांनी ही रचना एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. क्षणात सगळे पुसले जाते हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले. १९८७ मध्ये मासुओका यांच्या गटाने आणखी दाटीवाटीची 'नँड' रचना मांडली. आजची मेमरी कार्डे, पेनड्राइव्ह आणि मोबाइलमधील साठवण या नँडचीच आहे.

मासुओकांचा सौदा लक्षात ठेवू या. स्मृती स्वस्त आणि मोठी झाली, पण बदल्यात एकेक अक्षर खोडण्याची मुभा गेली. पुढच्या सगळ्या अडचणी आणि त्यांवरच्या युक्त्या या एका सौद्यातून निघाल्या.

खडू बारीक, डस्टर मोठे

फ्लॅश स्मृती अगदी आपल्या फळ्यासारखी वागते. लिहिण्याचा खडू बारीक आहे, पण पुसायचे डस्टर भलेमोठे. नँड चिपमध्ये लिहिणे-वाचणे 'पाना'ने होते आणि पुसणे 'ब्लॉक'ने. नेहमी आढळणारी एक रचना अशी : एका पानात २०४८ बाइट आणि एका ब्लॉकमध्ये ६४ पाने, म्हणजे ब्लॉक १,३१,०७२ बाइटांचा. कोऱ्या ब्लॉकमध्ये सगळे बिट 'एक' असतात. लिहिणे म्हणजे त्यांतल्या काहींचे 'शून्य' करणे. शून्याचा पुन्हा एक करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणजे त्यातला एक बाइट जागच्या जागी बदलायचा झाला, तर आधी उरलेले १,३१,०७१ बाइट दुसरीकडे उतरवून घ्यायचे, ब्लॉक पुसायचा आणि सगळे परत लिहायचे. मध्येच वीज गेली तर काय होईल, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट म्हणजे झीज. प्रत्येक वेळी लिहिताना-पुसताना इलेक्ट्रॉनांना विद्युतरोधकाच्या पातळ थरातून रेटावे लागते आणि तो थर हळूहळू खराब होतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपांचा ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसता येई. आता एकाच पेशीत तीन-तीन बिट बसवतात. तिथे ही मर्यादा काही हजारांवर किंवा त्याहूनही खाली आली आहे.

तिसरी गोष्ट ऐकून नवखा माणूस चकित होतो. नवी कोरी नँड चिप कारखान्यातून येते, तेव्हाच तिच्यातले काही ब्लॉक निकामी असू शकतात. उत्पादक तशी खूण करून देतो आणि गिऱ्हाइकाने ते टाळून चालायचे असते. मात्र पहिला ब्लॉक चांगला असेल, अशी हमी बहुतेक उत्पादक देतात. कारण उघड आहे. बोर्डाला जागे करणाऱ्या पहिल्या सूचना त्याच ब्लॉकमध्ये ठेवायच्या असतात. म्हणजे 'पुसू नये'ची पहिली चौकट चिप बनवणाराच आखून देतो.

चौकटी कशा आखल्या गेल्या

साठवणीचे विभाग करण्याची प्रथा फ्लॅशच्या आधीची, हार्ड डिस्कची. १९८३ मध्ये आयबीएमच्या १० मेगाबाइटच्या डिस्कसह आलेल्या पीसी-एक्सटी संगणकाबरोबर ती घरगुती संगणकात रूढ झाली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत तिचा नकाशा असे. ४४६ बाइट जागे करणाऱ्या सूचनांचे, १६ बाइटांची एक अशा चार विभागांच्या ओळींचे ६४ आणि शेवटी खुणेचे दोन. एकाच डिस्कवर दोन-तीन वेगवेगळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात, हा मुख्य हेतू होता. घराची वाटणी करावी तसे.

बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये हेतू निराळा झाला. तिथे कार्यप्रणाली एकच असते. पण मजकूर चार प्रकारचा असतो. पहिला, वीज येताच चालणारा जागे करणारा प्रोग्राम. तो जवळजवळ कधीच बदलत नाही आणि तो गेला तर बोर्ड दगड होतो. दुसरा, कार्यप्रणालीचा गाभा. तिसरा, कामाचे प्रोग्राम. हे दोन्ही वर्षातून एखाद्या वेळी बदलतात. चौथा, रोजच्या नोंदी, त्या क्षणोक्षणी बदलतात. यांना वेगळ्या चौकटी दिल्या की पहिल्या तीन चौकटी 'फक्त वाचायच्या' ठेवता येतात. नोंदींची चौकट भरून वाहिली किंवा बिघडली, तरी बोर्ड जागा होतो आणि बिघाड सांगू तरी शकतो.

चौकटी आखताना फ्लॅशचा स्वभाव सांभाळावा लागतो. विभागाची सीमा ब्लॉकच्या सीमेवरच पडली पाहिजे. ती ब्लॉकच्या मध्ये पडली, तर एका विभागाचे पुसताना शेजाऱ्याचेही पुसले जाणार. निकामी ब्लॉक निघतील म्हणून प्रत्येक विभागात थोडी जागा जास्तीची धरावी लागते. आणि नोंदींचा विभाग फार लहान ठेवून चालत नाही. हे गणित मुलांना सोडवायला देण्याजोगे आहे. समजा, नोंदींना ८ ब्लॉक दिले, प्रत्येक ब्लॉक एक लाख वेळा पुसता येतो आणि दर मिनिटाला एक ब्लॉक पुसावा लागतो. सगळे ब्लॉक आळीपाळीने वापरले, तर ८ लाख मिनिटांत ते झिजतील. दिवसाची १४४० मिनिटे धरून हे होतात सुमारे ५५५ दिवस, म्हणजे दीड वर्ष. तेच ८० ब्लॉक दिले तर पंधरा वर्षे.

नोंदी लिहिण्याची रीतही बदलावी लागली. १९९९ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने आपल्या कॅमेऱ्यांसाठी 'जेएफएफएस' नावाची फाइल-व्यवस्था बनवली. तिची कल्पना आपल्या दुकानदारांच्या रोजकीर्दीसारखी आहे. जुनी नोंद खोडायची नाही. बदल झाला की शेवटी नवी ओळ लिहायची. लिहिता लिहिता वीज गेली तर शेवटची ओळ अर्धवट राहील, पण आधीची शाबूत असेल. पुढे २००१ मध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी तिची सुधारित आवृत्ती केली. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या चार्ल्स मॅनिंग यांनी खास नँडसाठी 'याफ्स' लिहिली. २००८ मध्ये लिनक्समध्ये 'यूबीआयएफएस' आली. तिच्या खाली 'यूबीआय' नावाचा एक थर असतो. तो सगळ्या विभागांची झीज एकत्र हिशेबात धरतो आणि ज्या ब्लॉकांवर काम कमी पडले त्यांना पुढे आणतो.

मंगळावरचा अठरावा दिवस

चौकटीचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसले ते मात्र पृथ्वीपासून फार दूर. ४ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेची स्पिरिट ही सहाचाकी गाडी मंगळावर गुसेव विवरात उतरली. तिच्या संगणकाला १२८ मेगाबाइट कामचलाऊ स्मृती, २५६ मेगाबाइट फ्लॅश आणि त्याशिवाय ३ मेगाबाइटची वेगळी कायम स्मृती होती. छायाचित्रे आणि मापने फाइलींच्या रूपाने फ्लॅशमध्ये साठत आणि सवडीने पृथ्वीकडे पाठवली जात.

२१ जानेवारीला, मंगळावरच्या तिच्या अठराव्या दिवशी, एका खडकाची पाहणी सुरू असताना स्पिरिट गप्प झाली. अधूनमधून नुसता सूर उमटे, पण मजकूर नाही. पुढच्या दोन दिवसांत कळले की तिचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून नव्याने सुरू होत होता. रात्री झोपायचे, तेही होत नव्हते. बॅटरी उतरत चालली होती. संदेशाला एका बाजूने जायलाच दहा-अकरा मिनिटे लागत. तिथे जाऊन कार्ड काढून आणण्याची सोय नव्हती.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतले अभियंते कारण शोधू लागले. फ्लॅश भरलेली नव्हती. खोट होती ती फाइलींच्या यादीत. या फाइल-व्यवस्थेत फाइल पुसली तरी यादीतली तिची जागा परत मिळत नसे. हजेरीपटात शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या ओळी तशाच राहाव्यात आणि दरवर्षी पट जाड होत जावा, तसे ते होते. प्रवासातल्या महिन्यांच्या आणि मंगळावरच्या पहिल्या दिवसांच्या फाइलींनी यादी वाढत गेली. संगणक सुरू होताना ही सगळी यादी कामचलाऊ स्मृतीत उतरवून घेतली जाई. अठराव्या दिवशी तिथली जागा अपुरी पडली. जागा मिळेना म्हणून संगणक बंद पडून नव्याने सुरू झाला, सुरू होताच त्याने पुन्हा तीच यादी उतरवायला घेतली आणि पुन्हा बंद पडला. हे चक्र चालू राहिले. पृथ्वीवरच्या चाचण्या थोड्या थोड्या दिवसांच्या होत्या, त्यांत यादी इतकी कधी वाढलीच नव्हती. जुन्या फाइली काढून टाकण्यासाठी एक छोटा प्रोग्राम दोन तुकड्यांत पाठवला होता, पण त्यातला एक तुकडा गाडीपर्यंत पोचला नव्हता. तो पुन्हा पाठवण्याआधीच बिघाड झाला.

गाडी वाचली ती एका व्यवस्थेमुळे. तिला जागे करणाऱ्या सूचना फाइलींच्या या पसाऱ्यावर अवलंबून नव्हत्या. शिवाय फ्लॅशकडे न बघताच सुरू हो, अशी एक आज्ञा अभियंत्यांनी आधीच करून ठेवली होती. तिचे नावच 'पंगू अवस्थेत सुरू हो' अशा अर्थाचे होते. ती पाठवल्यावर स्पिरिट फ्लॅशवाचून, फक्त कामचलाऊ स्मृतीवर, स्थिरपणे जागी झाली. मग जुन्या फाइली काढल्या गेल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश संपूर्ण पुसून पुन्हा आखली गेली. कोट्यवधी किलोमीटरांवरून फळा स्वच्छ केला गेला, पण चौकट शाबूत होती म्हणूनच ते जमले. ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी मार्च २०१० पर्यंत संदेश पाठवत राहिली. ग्लेन रीव्ज आणि ट्रेसी निल्सन यांनी २००५ मध्ये या बिघाडाची सविस्तर हकिगत प्रसिद्ध केली. आपली चूक इतक्या स्वच्छपणे मांडणारे लेखन शास्त्रज्ञांनीही वाचावे असे आहे.

सातवा कप्पा

स्पिरिटची जुळी बहीण ऑपॉर्च्युनिटी हिचे दुखणे वेगळे होते. तिला म्हातारपण आले होते. दहा वर्षे लिहून-पुसून तिची फ्लॅश झिजली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिचा संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला. सप्टेंबरमध्ये फ्लॅश पुसून पुन्हा आखली, तरी गुण आला नाही. गाडीला विस्मरण होऊ लागले. दिवसभराची मापने फ्लॅशमध्ये लिहायची म्हटले तरी ती लिहिली जात नसत आणि गाडी झोपली की सगळे जाई. तपासात संशय सातव्या कप्प्यावर गेला. तिच्या फ्लॅशचे सात कप्पे होते. अभियंत्यांनी प्रोग्राम बदलला आणि मार्च २०१५ मध्ये फ्लॅश पुन्हा आखली, या वेळी सहाच कप्प्यांची. सातव्याला चौकटीबाहेर ठेवले.

हा उपाय पुरला नाही. विस्मरण पुन्हा सुरू झाले. मग त्याच वर्षी फ्लॅशचा नाद सोडून कामचलाऊ स्मृतीवरच काम चालवायचे ठरले. दिवसभर जे मोजले ते झोपण्याआधी पाठवून द्यायचे, शिल्लक काही ठेवायचे नाही. अशा रीतीने ऑपॉर्च्युनिटी जून २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत काम करत होती. शास्त्रीय नोंदी ठेवायला कायम स्मृती उरली नव्हती, पण जागे होण्याची चौकट होती, म्हणून गाडी गाडी राहिली.

या दोन गाड्यांची हकिगत वाचताना विभाग आखण्याचा अर्थ मला नीट उमगला. एरवी आपण त्याला जागेची वाटणी समजतो, कोणाला किती मेगाबाइट द्यायचे एवढेच पाहतो. खरा प्रश्न वेगळा असतो. काय बिघडले तर चालेल आणि तेव्हाही काय शिल्लक राहिलेच पाहिजे, हे बिघाड होण्याआधी ठरवावे लागते.

पुन्हा शाळेत

पुढच्या मेमध्ये आम्ही तो बोर्ड पुन्हा बसवला. या वेळी कार्डाचे चार विभाग केले. पहिला जागे होण्याचा, लहान आणि फक्त वाचायचा. दुसरा आणि तिसरा कामाच्या प्रोग्रामचे, दोन्हींत सारखाच मजकूर. नवा प्रोग्राम घालायचा तर जो वापरात नाही त्याच्यात घालायचा आणि नीट चालला तरच त्याच्यावर यायचे, नाहीतर जुना आहेच. हीच युक्ती २०१६ पासून अँड्रॉइड मोबाइलमध्येही आली आहे. चौथा विभाग पावसाच्या नोंदींचा. तक्रारींची रोजनिशी मात्र कार्डात लिहायचीच नाही. ती कामचलाऊ स्मृतीत ठेवायची आणि ठरावीक लांबीची झाली की जुन्या ओळी गाळायच्या.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. मेमरी कार्डावर आपण आखलेली चौकट ही खऱ्या ब्लॉकांवरची रेघ नसते. कार्डाच्या आत एक छोटा नियंत्रक बसलेला असतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो आतल्या आत मजकूर हलवत राहतो. आपल्याला फळा एकच दिसतो, पण फळ्यामागे कोणीतरी फळ्या सतत बदलत असतो. तो हलवाहलव करत असतानाच वीज गेली, तर न लिहिलेल्या विभागालाही धक्का लागू शकतो. म्हणून आम्ही बोर्डाला एक छोटी बॅटरी जोडली. वीज गेली की बोर्ड लिहिणे आवरतो आणि स्वतःहून बंद होतो.

हे सारे वर्गात संगणकाशिवायही शिकवता येते. फळ्यावर आठ चौकोन आखा आणि प्रत्येकात चार ओळी पाडा. नियम दोनच : लिहायचे ते कोऱ्या ओळीवरच आणि पुसायचे तर अख्खा चौकोन. प्रत्येक चौकोन फक्त पाच वेळा पुसता येईल, त्याचा हिशेब कोपऱ्यात मांडायचा. आता मुलांना रोजची हजेरी, आठवड्याचे वेळापत्रक आणि 'वर्ग कसा सुरू करायचा' याच्या तीन सूचना या आठ चौकोनांत सांभाळायला सांगा. मधूनच टाळी वाजवा. टाळी म्हणजे वीज गेली, हातातला खडू तिथेच थांबला पाहिजे. पहिल्या दिवशी बहुतेक गट सगळे एकत्र लिहितील आणि सूचना गमावतील. दोन-तीन दिवसांत कोणीतरी उठून एका चौकोनाभोवती जाड रेघ ओढेल. कशासाठी, ते त्या मुलालाच वर्गाला सांगू द्या.

आमच्या त्या शाळेतला बोर्ड आता पावसाळ्यामागून पावसाळे नोंदवतो आहे. साडेआठची वहीही बाईंनी बंद केलेली नाही. रविवारचे माप आता शाळेशेजारी राहणारी दोन मुले घेतात.